गाईडसोबत इ-बाइकवरून रोम : मुंबईतील तयारीपासून आप्पियन मार्गापर्यंत

रोमच्या सहलीत गाईडसोबतची इ-बाइक टूर घ्यायची ठरली की पहिली नजर जाते ती त्रेवीचे कारंजे, पँथिऑन आणि पियाझ्झा नवोना एकाच फेरीत दाखवणाऱ्या टूरवर. ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्रेवीपासून पँथिऑन चालत दहा मिनिटांवर आहे आणि तिथून नवोनाचा चौक आणखी पाच मिनिटांवर. मधल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि सकाळ थोडी वर आली की माणसांनी भरून जातात, त्यामुळे वीस-बावीस किलोची सायकल हाताने ढकलत गर्दीतून वाट काढण्यातच निम्मा वेळ संपतो. शिवाय ही ठिकाणे उभे राहून पाहण्याची आहेत. नवोनाच्या चौकात शिल्पकार बेर्निनीने 1651 मध्ये पूर्ण केलेल्या चार नद्यांच्या कारंज्यात हाती वल्हे घेतलेली गंगा पुरुषरूपात बसलेली आहे. ती शोधायला आणि नीट पाहायला मराठी माणसाने दहा मिनिटे द्यायला हवीत, आणि मागे गट थांबलेला असताना ती मिळत नाहीत.

मोटरचा खरा उपयोग आहे तो जिथे पाय थकतात आणि बस सोयीची नसते तिथे, म्हणजे टेकड्यांवर, जुन्या तटबंदीच्या बाहेर, रोमहून दक्षिणेला जाणाऱ्या प्राचीन आप्पियन मार्गावर आणि शहरात पाणी आणणाऱ्या प्राचीन जलसेतूंच्या उद्यानात. म्हणून मध्यवर्ती रोम पायी पाहावे, शक्यतो अगदी सकाळी किंवा रात्री जेवणानंतर, आणि इ-बाइकचा दिवस या बाहेरच्या भागासाठी राखून ठेवावा. पुढील सर्व सूचना हे गृहीत धरून दिल्या आहेत.

सायकल आणि ती चालवणारा

मुंबईत इ-बाइक म्हटले की डोळ्यांसमोर येते ती डिलिव्हरीवाल्या मुलांची, मूठ पिळली की पळणारी गाडी. इटलीत टूरसाठी मिळणारी इ-बाइक तशी नसते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तिच्या मोटरची सततची क्षमता जास्तीत जास्त 250 वॅट असते, आपण पेडल मारत असू तेवढ्यापुरतीच मोटर जोर लावते आणि वेग ताशी 25 किलोमीटरवर पोचला की तिची मदत आपोआप थांबते. या मर्यादेत बसणारे वाहन कायद्याने सायकलच मानले जाते. त्यामुळे त्यासाठी वाहन चालवण्याचा परवाना लागत नाही, मात्र सायकलस्वाराला लागू असलेले वाहतुकीचे सगळे नियम लागू होतात.

हँडलजवळच्या बटणांनी मदतीची पातळी कमी-जास्त करता येते, आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. चांगल्या सायकलींमध्ये पेडलवर किती दाब पडतो हे मोजणारा सेन्सर असतो, त्यामुळे जेवढा जोर आपण लावू तेवढ्या प्रमाणात मदत मिळते. साध्या सायकलींमध्ये पेडल फिरते आहे की नाही एवढेच सेन्सर पाहतो, आणि अर्धा फेरा होताच मोटर एकदम पुढे ढकलते. आपल्या हाती कोणती सायकल आली आहे हे सुरुवातीच्या मोकळ्या जागेतच गाईडला विचारून घ्यावे. सायकल कोणतीही असली तरी सिग्नलजवळ येताना मदत सर्वांत खालच्या पातळीवर आणावी, गिअर हलका करून ठेवावा, थांबल्यावर दोन्ही ब्रेक दाबून धरावेत आणि वर आलेल्या पेडलवर पाय टेकवून गप्पा मारत उभे राहू नये. नकळत पडलेल्या भाराने सायकल समोरच्याच्या मागच्या चाकावर जाऊन आदळते. गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर सैल सोडावा, कारण मोटरचा ताण असताना जबरदस्तीने बदललेला गिअर साखळीला मानवत नाही. अनेक सायकलींवर चालत ढकलतानाही मोटरची हलकी मदत देणारे बटण असते. ते कुठे आहे हे आधीच पाहून ठेवावे, कारण चढावर मध्येच उतरावे लागले तर एवढे वजन नुसत्या हातांनी वर नेणे सोपे नसते.

ज्यांनी लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकून घेतले आणि नंतर पंचवीस-तीस वर्षे हँडलला हात लावला नाही, त्यांनी बिचकण्याचे कारण नाही. मुंबईत थोडा सराव केला तर अशी माणसे रोममध्ये निश्चिंतपणे फिरतात, आणि मोटरमुळे तरुण मुला-सुनांच्या बरोबरीने चढही चढतात. परंतु ज्यांना सायकल कधीच आली नाही त्यांनी इ-बाइकवर शिकण्याचा विचार करू नये. मोटर पायांचे काम हलके करते. तोल सांभाळणे तिला येत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि विचारताना नुसते ‘सायकल चालवू का’ असे न म्हणता ‘उंचसखल दगडी रस्त्यावर तीन-चार तास चालवू का’ असे विचारावे, कारण या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. कुटुंबातील एखाद्याला जमणारच नसेल तर 118 क्रमांकाची बस आप्पियन मार्गावर जाते आणि रोममध्ये छोट्या विद्युत गाड्यांतून होणाऱ्या सहलीही मिळतात. सर्वांनी एका ठरलेल्या ठिकाणी भेटण्याची योजना सहज आखता येते.

मुंबईत करायचा सराव

सरावासाठी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सर्वांत चांगले, कारण तिथे सायकल भाड्याने मिळते आणि कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्याला चढ, उतार आणि वळणे तिन्ही आहेत. साध्या सायकलवर तो चढ पूर्ण झाला नाही तरी बिघडत नाही. खरा सराव उतारावर, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत वेग आवरण्याचा करायचा आहे. रविवारी सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातील मोकळ्या रस्त्यांवर एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने वळण्याची खूण करणे, खांद्यावरून मागे पाहताना सरळ रेषा न सोडणे आणि पुढच्या सायकलपासून दोन सायकलींइतके अंतर ठेवणे या तीन गोष्टी घोटून घ्याव्यात. दगडी रस्त्याची थोडी तरी कल्पना यावी म्हणून गिरगावातल्या किंवा दादरच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीतून हळू चालवून पाहावे. ती सोय मुंबईने भरपूर करून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र मुंबईत सराव करण्यासारखी नाही आणि कोणी करूही नये. रोममध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. गटात गाईडच्या मागे असताना हे आपोआप जमते. चूक होते ती थांब्यानंतर. कॉफी पिऊन, फोटो काढून रिकाम्या गल्लीतून पुन्हा निघताना सवयीचा हात सायकल डावीकडे नेतो. म्हणून प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी रस्त्याची उजवी कड मनात पक्की करूनच पहिले पेडल मारावे. आपल्याकडे डावे वळण सोपे असते आणि उजवे वळण रस्ता ओलांडून घ्यावे लागते. तिथे नेमके उलट आहे. वर्तुळाकार चौकात घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरायचे असते, आणि जिथे सिग्नल किंवा पाटी नसेल त्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाचा अग्रक्रम असतो. पायी रस्ता ओलांडतानाही आधी डावीकडे पाहायचे, हे सोबतच्या मुलांना विमानात बसण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

ब्रेकचेही तसेच आहे. भारतीय सायकलींवर साधारणपणे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तर युरोपातील अनेक सायकलींवर तो डाव्या हाताला येतो. उतारावर घाबरून नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर सायकल जागीच थांबते आणि माणूस पुढे जातो. कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा हे सायकल हातात धरून, ढकलत, एकेक ब्रेक दाबून स्वतः तपासावे.

आरक्षण करताना

मुंबईतील कुटुंबे प्रामुख्याने मेच्या सुट्टीत किंवा दिवाळीत निघतात, आणि दोन्ही काळ सायकलला बरे आहेत. मेमध्ये रोममध्ये सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी उशिरा सुरू होणारी फेरीही उजेडात पूर्ण होते. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये आली तर वेगळा विचार करावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे तासभर मागे जातात आणि त्यानंतर संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. शिवाय हे रोममधील पावसाचे महिने आहेत. त्या काळात सकाळचीच फेरी घ्यावी आणि पाऊस आला तर तारीख बदलून मिळते की पैसे परत मिळतात, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारावे. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाने दगड तापतात. तेव्हा सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी परतणारीच टूर योग्य. मुंबई आणि रोमच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. तो मोठा नसला तरी रात्रभराच्या प्रवासानंतर पोचलेल्या दिवशीच सायकलवर बसू नये.

वार निवडता येत असेल तर रविवार निवडावा. कोलोसियमजवळचा व्हिया देई फोरी इम्पेरियाली हा मोठा रस्ता त्या दिवशी गाड्यांना बंद असतो आणि एरवी बस-टॅक्सींमधून अंग चोरून न्यावी लागणारी सायकल तिथे रस्त्याच्या मधोमध नेता येते.

टूर कंपनीला विचारण्याच्या प्रश्नांत किमतीचा क्रम खाली ठेवावा. गटात जास्तीत जास्त किती जण असतात हे आधी विचारावे. आठ-दहांच्या पुढे गट गेला की प्रत्येक सिग्नलला तो तुटतो आणि गाईडचा वेळ माणसे गोळा करण्यात जातो. इटलीत पर्यटकांना वास्तूंची माहिती सांगणे हा परवान्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे सोबत येणारी व्यक्ती परवानाधारक गाईड आहे की नुसती वाट दाखवणारी, हे विचारण्यात संकोच करू नये. टायर रुंद आहेत का, पुढच्या चाकाला किंवा बसण्याच्या दांड्याला स्प्रिंग आहे का आणि सर्वांत लहान सायकल किती उंचीच्या व्यक्तीला बसते हे तिन्ही प्रश्न आप्पियन मार्गासाठी महत्त्वाचे आहेत, विशेषतः बुटक्या बांध्याच्या आई-मावश्यांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी. अनामत म्हणून कोणी मूळ पासपोर्ट मागितला तर तो देऊ नये. छायाप्रत किंवा कार्डवरील रक्कम पुरेशी असावी, आणि नसेल तर दुसरी कंपनी पाहावी.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण घ्यावेच लागते आणि बहुतेक जण कागदपत्रांच्या गठ्ठ्यात ते लावून विसरून जातात. त्या पॉलिसीत साहसी खेळ आणि दुचाकी वाहने यांविषयीच्या अपवादांचे कलम काढून वाचावे, आणि पेडल मारून चालणारी विद्युत सायकल त्या अपवादात येते का, याचे उत्तर विमा कंपनीकडून ईमेलवर घ्यावे. सायकलचे किंवा दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न मात्र टूर कंपनीला विचारायचा आहे.

कपड्यांविषयी थोडेच सांगायचे आहे. ओढणी, सैल सलवार आणि लांब घेराचा कुर्ता साखळीत किंवा चाकात अडकतो, म्हणून त्या दिवशी पँट किंवा लेगिंग आणि आखूड कुर्ता बरा. वाटेत चर्चमध्ये जायचे असल्याने खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. चपला नकोत, पुढून बंद असलेले बूट हवेत. इटलीत प्रौढ सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती नाही, पण जिथे खाली दगड आहे तिथे सक्तीची वाट पाहू नये. पर्स पुढच्या टोपलीत ठेवली तर तिचा पट्टा हँडलला गुंडाळून ठेवावा, कारण सिग्नलला थांबलेल्या सायकलच्या टोपलीतील मोकळी पर्स उचलायला क्षणही लागत नाही.

मार्ग

माझ्या पसंतीची फेरी कोलोसियमच्या परिसरातून सुरू होते, आव्हेंटाइन टेकडी चढून तटबंदीबाहेर पडते, आप्पियन मार्गाने दक्षिणेला जाते आणि जलसेतूंच्या उद्यानापर्यंत पोचून परत येते. ही अर्ध्या दिवसाहून थोडी मोठी फेरी आहे. कंपनीच्या यादीत ती नेमकी अशीच असेल असे नाही, पण छोट्या गटासाठी गाईड सहसा मार्ग जुळवून देतात.

व्हिया देई फोरी इम्पेरियाली हा रस्ता मुसोलिनीच्या राजवटीत 1932 मध्ये खुला झाला आणि त्यासाठी दाट लोकवस्तीचा भाग पाडण्यात आला. त्या रस्त्यावर सम्राट मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकेच्या, म्हणजे भव्य सार्वजनिक सभागृहाच्या, बाहेरच्या भिंतीवर रोमन साम्राज्य कसे वाढत गेले हे दाखवणारे संगमरवरी नकाशे 1934 पासून लावलेले आहेत. बहुतेक गट कोलोसियमकडे पाहत त्यांच्यासमोरून निघून जातात. आपण गाईडला दोन मिनिटे थांबवावे. याच बॅसिलिकेखाली इसवी सनाच्या पहिल्या शतकातील सम्राट डोमिशियनच्या काळातील मिरी आणि मसाल्यांची कोठारे होती. त्यांतली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे येत असे. त्याच शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत आपल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांचाही उल्लेख येतो, आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात रोमन बनावटीची समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली आहे. हा धागा गाईडसमोर काढला की पाठ केलेले भाषण थांबते आणि संभाषण सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

तिथून सर्कस मॅक्सिमस जवळच आहे. रथांच्या शर्यतींचे सुमारे सहाशे मीटर लांबीचे हे मैदान आज नुसता गवताचा लांबट खोलगट भाग आहे, आणि मोटरच्या वेगवेगळ्या पातळ्या पडताळून पाहण्यासाठी त्याच्या कडेची वाट अगदी सोयीची आहे. पुढे आव्हेंटाइनचा चढ लागतो. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करावा, मदत एक पातळी वाढवावी आणि पाय एकसारखे फिरवत राहावे. जड गिअरमध्ये उभे राहून जोर लावण्याची गरज नाही. वर संत्र्यांच्या बागेच्या कठड्यावरून तिबेर नदी आणि पलीकडे सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. शेजारच्या सांता साबिना चर्चचे कोरीव लाकडी दार पाचव्या शतकातील आहे आणि त्यावरील एका चौकटीत येशूच्या क्रूसारोहणाचे अत्यंत जुने शिल्प आहे. ते दार ओसरीच्या एका टोकाला अंधुक उजेडात असल्यामुळे मुद्दाम वळून पाहावे लागते. थोडे पुढे माल्टाच्या सरदारांच्या चौकातील एका फाटकाच्या कुलपाच्या भोकातून झुडपांच्या दोन रांगांमध्ये नेमका सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. हा चौक वास्तुकार पिरानेसीने 1765 च्या सुमारास रचला. रांग मोठी असेल तर मी तिथे थांबत नाही. घुमट बागेतून दिसतोच, आणि तो वेळ आप्पियन मार्गावर अधिक सार्थकी लागतो.

टेकडी उतरताना पेडल समांतर ठेवावेत, वजन थोडे मागे घ्यावे आणि दोन्ही ब्रेक आलटून-पालटून न दाबता एकत्र, हळुवार दाबावेत. रोमच्या गल्ल्यांत बसवलेल्या चौकोनी काळ्या दगडांना सांपिएत्रिनी म्हणतात. ते ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेले असल्याने सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या नात्यातलेच आहेत, आणि पावसात ओल्या पायरीसारखे निसरडे होतात. ओल्या दगडावर वळण घेताना ब्रेक दाबायचा नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. नदीपलीकडच्या त्रास्तेव्हेरे भागाकडे जाण्याची वेळ आली तर ट्रामचे रूळ लागतील. मुंबईतील ट्राम 1964 मध्ये बंद झाल्यामुळे आपल्याला रुळांची सवय उरलेली नाही, म्हणून सांगतो की रूळ नेहमी शक्य तितक्या काटकोनात ओलांडावेत. तिरके गेल्यास चाक खाचेत बसते.

खाली उतरल्यावर सुमारे 36 मीटर उंचीचा केस्टियसचा पिरॅमिड लागतो. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांतील ही कबर तिसऱ्या शतकात तटबंदी बांधताना भिंतीतच सामावून घेतली गेली. काराकालाची स्नानगृहे बाहेरूनच पाहावीत, आत जायला वेगळा दिवस हवा. त्यानंतर ऑरेलियनच्या तटाचे सान सेबास्तियानो दार ओलांडले की आप्पियन मार्ग सुरू होतो, पण सुरुवातीचा पट्टा फसवा आहे. दोन्ही बाजूंना उंच भिंती, पदपथ नाही आणि बसगाड्यांसह वाहतूक चालू. जाणकार गाईड इथे पर्यायी वाट घेतो किंवा सगळ्यांना एका रांगेत, गप्पा बंद करून पुढे नेतो. या पट्ट्यात फोटोसाठी कोणीही थांबू नये.

पुढचा रस्ता मात्र सगळ्या खटाटोपाचे फळ आहे. इ.स.पू. 312 मध्ये आप्पियस क्लॉडियस याने रोमपासून कापुआपर्यंत हा मार्ग सुरू केला. नंतर तो आग्नेयेला ब्रिंदिसीच्या बंदरापर्यंत वाढवला गेला आणि 2024 मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड मोडल्यावर इ.स.पू. 71 मध्ये सुमारे सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम याच रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवण्यात आले. दुसऱ्या टोकाच्या ब्रिंदिसीचा मुंबईशी थेट संबंध आहे: 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून हिंदुस्थानची टपाल रेल्वेने ब्रिंदिसीला येई आणि तिथून आगबोटीने मुंबईकडे निघे.

सान कालिस्तो आणि सान सेबास्तियानो येथील भुयारी दफनभूमींपैकी एकच पाहावी. आत त्यांचा स्वतःचा मार्गदर्शक असतो, बाहेर ऊन असले तरी आत गारवा असतो, म्हणून पातळ जाकीट जवळ असावे. ज्यांना बंदिस्त जागेत गुदमरते त्यांनी बाहेर सायकलींपाशी खुशाल थांबावे. त्यानंतर चेचिलिया मेतेल्लाची प्रचंड गोल कबर लागते. इ.स.पू. पहिल्या शतकातील या कबरीला मध्ययुगात एका सरदार घराण्याने किल्ल्याचा बुरूज करून टाकले. वरच्या कडेला दिसणारे दातेरी बांधकाम त्या काळचे आहे.

या कबरीच्या पुढे मूळ फरसबंदी उघडी आहे. हातभर रुंद, गोलसर झालेले काळे दगड, त्यांच्यात बोटभर ते चार बोटे फटी आणि काही ठिकाणी चाकांनी खोदलेल्या चाकोऱ्या. इथे सायकल चालवण्याची रीत वेगळी आहे. बैठकीवरून किंचित उठावे, गुडघे आणि कोपरे सैल ठेवावेत, हँडल मुठीत आवळून न धरता नुसते वळणापुरते सांभाळावे आणि मदतीची पातळी मध्यम ठेवून एकसारख्या गतीने जावे. फार हळू गेल्यास चाक प्रत्येक फटीत अडकते आणि तोल जातो. चाकोरीत चाक घालू नये. रस्त्याच्या कडेला लोकांनी वापरून तयार झालेली मातीची पायवाट आहे, तिचा संकोच न करता वापर करावा. निवडक शे-दोनशे मीटर दगडांवरून आणि उरलेले मातीवरून, हे प्रमाण पाठीला मानवते. दोन्ही बाजूंना छत्रीसारखे पाइन वृक्ष, सुरूची रांग, मोडलेल्या कबरी आणि मधूनच मेंढ्यांचा कळप, असा हा प्रदेश शहराच्या हद्दीत आहे यावर विश्वास बसत नाही.

मातीच्या वाटांनी पूर्वेला वळले की जलसेतूंचे उद्यान येते. क्लॉडियसचा जलसेतू सम्राट कॅलिगुलाने इ.स. 38 मध्ये सुरू केला आणि त्याच्यानंतरचा सम्राट क्लॉडियस याने 52 मध्ये पूर्ण केला. त्याच्या कमानींची रांग इथे मोकळ्या गवतात उभी आहे आणि सायकल तिच्या पायथ्याशी नेता येते. डोंगरातले पाणी कोणत्याही पंपाशिवाय, नुसत्या हलक्या उतारावर शहरात आणण्यासाठी एवढ्या उंचीचे बांधकाम करावे लागले. मुलुंड-भांडुपकडून येणाऱ्या तानसाच्या जाड नळांशेजारी वाढलेल्या मुंबईकराला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. फेरीत वेळ कमी पडत असेल तर भुयार गाळावे, हे उद्यान गाळू नये.

पाणी, खाणे आणि परती

पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. रोममध्ये 1874 पासून बसवलेले लोखंडी सार्वजनिक नळ आजही वाहते आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे असते. वाकलेल्या तोटीचे तोंड बोटाने दाबून धरले की तोटीच्या वरच्या बाजूच्या छोट्या छिद्रातून धार वर उडते आणि न वाकता पाणी पिता येते. मुलांना हे एकदा दाखवले की ती प्रत्येक नळापाशी थांबतात, तेवढा वेळ हिशेबात धरावा.

शाकाहारींनी गाईडला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. रोमच्या प्रसिद्ध पास्त्यांपैकी कार्बोनारा आणि अमात्रिचानामध्ये डुकराचे मांस असते, सुप्ली नावाच्या तळलेल्या भातगोळ्यांतही बहुधा मांसाचा रस्सा असतो. काचो ए पेपे या मिरी-चीजच्या पास्त्यात मांस नसते, पण त्यातले पेकोरीनो चीज जनावराच्या पोटातून मिळणाऱ्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने लावलेले असते, याची काटेकोर शाकाहारी आणि जैन मंडळींनी नोंद घ्यावी. साधा पिझ्झा बियांका, फळे आणि घरून आणलेले खाकरे-लाडू हा सायकलच्या दिवसाचा निर्धोक फराळ आहे. वाइन चाखण्याचा कार्यक्रम असेल तर तो सायकल परत केल्यानंतरचा असावा, कारण मद्यपान करून वाहन चालवण्याचा कायदा इटलीत सायकललाही लागू होतो. चालवताना मोबाइल हातात धरणेही नियमबाह्य आहे; फोटो थांबूनच काढावेत. अपघात झाल्यास 112 क्रमांकावर फोन करावा.

कोलोसियमच्या तिकिटावर वेळ आणि नाव असते आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र पाहिले जाते, त्यामुळे टूर संपण्याची वेळ आणि ते तिकीट यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सायकलचा दिवस आणि कोलोसियमचा दिवस वेगळे ठेवता आले तर अधिक बरे. सायकल घेताना तिच्यावरचे ओरखडे, आरसा आणि चाकाची कड यांचे फोटो काढावेत आणि परत करताना त्याच जागांचे पुन्हा काढावेत. बॅटरी किती उरली आहे हे पडद्यावर दिसते. परतीच्या वाटेवर ती निम्म्याच्या खाली असेल तर सपाट रस्त्यावर मदत सर्वांत कमी ठेवावी, म्हणजे शेवटच्या चढाला ती पुरते. गाईडला बक्षिसी देण्याची सक्ती नाही, पण त्याने गटातल्या सर्वांत हळू माणसाला सांभाळून आणले असेल तर हात आखडता घेऊ नये.